इमारत एकदाच काढावी, कागद हवे तितके मांडावेत

दादरा-नगर हवेलीत सिल्वासाहून खानवेलकडे निघालं की मसाट, रखोली मागे पडेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखान्यांच्या शेड दिसत राहतात. पुढे जमीन उंचसखल होत जाते, आणि साकरतोड नदीकाठचं खानवेल येतं तेव्हा डोंगर चांगलेच जवळ आलेले असतात. वीसेक किलोमीटरांच्या या टापूत बांधकामाचे दोन अगदी वेगळे प्रकार बघायला मिळतात. एकीकडे भराव टाकून सपाट केलेल्या प्लॉटवरची शेड, दुसरीकडे उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बसवलेलं घर किंवा शाळेच्या खोल्या. कॉम्प्युटरवर नकाशे काढणाऱ्या मुलामुलींना मात्र दोन्हीकडे एकच अडचण येते. इमारत एक असते आणि कागद बरेच लागतात.

खानवेलच्या उतारावरचं एक साधं घर धरू. अठरा मीटर लांब, बारा मीटर रुंद, तळमजला आणि वर एक मजला. प्लॉट साठ मीटर बाय पंचेचाळीस. परवानगीसाठी जागा कुठे आहे ते दाखवणारा छोटा नकाशा हवा, प्लॉटचा नकाशा हवा, दोन्ही मजल्यांचे प्लॅन, एक-दोन छेद आणि समोरचं दर्शन हवं. उताराची जागा असल्यामुळे छेदाला इथे फार महत्त्व आहे, कारण जोतं कुठे जमिनीत शिरतं आणि कुठे उंच उचलावं लागतं हे प्लॅनमध्ये दिसतच नाही. मग गवंड्यासाठी मापांसह वेगळा प्लॅन, प्लंबरसाठी पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांचा, इलेक्ट्रिशियनसाठी पॉइंटांचा, छपराचा, पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा, जिन्याचा तपशील, दारं-खिडक्यांचा तपशील. बघता बघता दहा-बारा कागद होतात, आणि घर अजून लहानच असतं.

हे कागद तयार करण्याची एक रीत मी सर्रास पाहतो. तळमजल्याचा प्लॅन एकदा काढायचा, मग त्याची कॉपी करून बाजूला ठेवायची आणि तिच्यात पाइप काढायचे. आणखी एक कॉपी, तिच्यात दिवे-पंखे. कधी फाइलच नव्या नावाने सेव्ह करायची. पहिले दोन दिवस काम भराभर पुढे सरकतं. तिसऱ्या दिवशी मालक सांगतो, संडासाची भिंत ३०० मिलिमीटर आत घ्या. भिंत एका प्रतीत सरकते, प्लंबिंगच्या प्रतीत जागच्या जागी राहते. प्लंबर त्याच्या हातातल्या कागदाप्रमाणे स्लॅबमध्ये पाइपसाठी जागा सोडतो, काँक्रीट पडतं, आणि भिंत उभी राहिल्यावर पाइप खोलीच्या मधोमध येतो. मग ड्रिल लावून स्लॅबला नवं भोक पाडायचं. चूक गवंड्याची नव्हती आणि प्लंबरचीही नव्हती. एकाच घराची तीन घरं कॉम्प्युटरमध्ये झाली होती आणि त्यांचं आपसात जमत नव्हतं.

यावरचा उपाय ऑटोकॅडमध्ये फार जुना आहे, तरी शिकवताना तो शेवटी येतो. मला वाटतं तो दुसऱ्याच आठवड्यात यायला हवा. उपाय म्हणजे लेआउट.

ऑटोकॅडच्या खिडकीच्या तळाशी टॅब असतात. पहिला 'मॉडेल', पुढे 'लेआउट१', 'लेआउट२'. मॉडेल म्हणजे अमर्याद मोकळी जागा. तिथे घर खऱ्या मापाने काढायचं: अठरा मीटरची भिंत अठरा मीटरची, २३० मिलिमीटरची भिंत २३०ची. प्रमाणाचा विचार तिथे करायचाच नाही. लेआउट म्हणजे कागद, ठरलेल्या आकाराचा. ए३ असेल तर ४२० बाय २९७ मिलिमीटर, ए१ असेल तर ८४१ बाय ५९४. या कागदावर आपण व्ह्यूपोर्ट पाडतो, म्हणजे मॉडेलकडे बघणारी चौकट. चौकटीतून घराचा कुठला भाग दिसावा, किती प्रमाणात दिसावा आणि त्यातलं काय दिसू नये, हे त्या चौकटीपुरतं ठरतं. प्लॅनमधली भिंत मॉडेलमध्ये एकदा सरकवली की तो प्लॅन दाखवणाऱ्या सगळ्या कागदांवर ती सरकलेलीच दिसते.

ही कल्पना पहिल्यापासून नव्हती. ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आलं. कागदासाठी वेगळी जागा, म्हणजे 'पेपर स्पेस', मिळाली ती १९९०च्या अकराव्या आवृत्तीत, आणि तेव्हा एका फाइलमध्ये असा एकच कागद असे. त्यावर कितीही चौकटी पाडा, कागद एकच. एका फाइलमध्ये अनेक लेआउट ठेवण्याची सोय १९९९ साली आलेल्या 'ऑटोकॅड २०००'मध्ये झाली. आज एका फाइलमध्ये २५५ लेआउट ठेवता येतात. तिथपर्यंत जाऊ नये, पण त्याबद्दल पुढे.

मूळ विचार याहूनही जुना. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' हा प्रोग्रॅम प्रबंधासाठी तयार केला. त्यात एक मूळ आकृती काढून तिच्या अनेक प्रती चित्रात ठेवता येत, आणि मूळ बदललं की सगळ्या प्रती आपोआप बदलत. माणसाने पडद्यावर रेघा ओढायला सुरुवात केली तेव्हाच हे सुचलं होतं. ड्रॉइंग बोर्डावर ते शक्य नव्हतं. तिथे मूळ प्लॅनवर नवा ट्रेसिंग पेपर पसरून भिंती पुन्हा गिरवायच्या आणि त्यावर पाइप काढायचे. भिंत बदलली की प्रत्येक ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने खरवडायची आणि अमोनिया प्रिंट पुन्हा काढून आणायच्या. ज्यांनी ते केलं आहे त्यांना लेआउटची किंमत सांगावी लागत नाही. ज्यांनी थेट कॉम्प्युटरवर सुरुवात केली ते मात्र कॉपी-पेस्ट करून त्याच खरवडण्याकडे परत जातात, आणि या वेळी ब्लेडही हातात नसतं.

आता प्रमाणाचं गणित, कारण नवख्यांची गाडी इथेच अडते. प्लॉटचा नकाशा १:२०० घेतला तर साठ मीटर कागदावर ३०० मिलिमीटर होतात, पंचेचाळीस मीटर २२५. ए३वर मावतो. घराचा प्लॅन १:१०० घेतला की १८० बाय १२० मिलिमीटर. ए३वर मावून भोवताली मापांना भरपूर जागा उरते. तोच प्लॅन गवंड्यासाठी १:५० केला तर ३६० बाय २४०. ए३च्या चौकटीत रेघा कशाबशा बसतील, पण माप लिहायला आणि खालच्या नामपट्टीला जागा राहणार नाही, म्हणून ए२ घ्यावा लागेल. जिना १:२०, खिडकी १:१०. जागा दाखवणारा नकाशा १:१०,००० असेल तर गावातलं एक किलोमीटर अंतर दहा सेंटिमीटर होतं. नॅशनल बिल्डिंग कोडने परवानगीच्या नकाशांसाठी जागादर्शक नकाशा किमान याच प्रमाणात आणि एक हेक्टरपर्यंतच्या प्लॉटचा नकाशा किमान १:५०० प्रमाणात मागितला आहे. स्थानिक नियम याहून वेगळे असू शकतात, म्हणून परवानगी देणाऱ्या कार्यालयाची यादी आधी समोर ठेवावी आणि मगच कागद मोजावेत.

ही सगळी प्रमाणं एकाच घराची आहेत आणि घर मॉडेलमध्ये एकदाच काढलेलं आहे. मॉडेल मिलिमीटरमध्ये असेल तर चौकटीला १:१०० द्यायचं. मॉडेल मीटरमध्ये असेल तर एक मीटर म्हणजे कागदावरचे दहा मिलिमीटर, म्हणून चौकटीचं प्रमाण दहापट येतं. आपल्याकडे प्लॉट मीटरमध्ये आणि इमारत मिलिमीटरमध्ये काढायची सवय असल्यामुळे इथे हजारपटीची गडबड होते आणि चौकटीत काहीच दिसत नाही. फाइल उघडल्यावर एकक तपासणं हे पहिलं काम.

प्रमाण बसलं की चौकटीला कुलूप लावायचं. प्रॉपर्टीजमध्ये 'डिस्प्ले लॉक्ड' आहे, तिथे 'येस'. कुलूप नसेल तर चौकटीत दोनदा क्लिक करून कुणीतरी आत शिरतो, माउसचं चाक फिरवतो, आणि १:१०० असलेला प्लॅन १:९३ होऊन बसतो. डोळ्याला कळत नाही. कागदावर स्केलपट्टी ठेवून माप घेणाऱ्याला कळतं, तेही बांधून झाल्यावर. चौकटीची कड वेगळ्या लेयरवर ठेवून तो लेयर 'नो प्लॉट' करावा, म्हणजे कामात कड दिसते आणि छापताना येत नाही.

यापुढची सोय मला सगळ्यांत मोलाची वाटते. प्रत्येक चौकटीत कुठले लेयर दिसावेत हे वेगवेगळं ठरवता येतं. मॉडेलमध्ये भिंती, फर्निचर, पाइप, दिवे आणि मापं एकावर एक पडलेली असतात, नुसतं बघितलं तर जंजाळ. प्लंबिंगच्या कागदावरच्या चौकटीत फर्निचर आणि दिव्यांचे लेयर गोठवायचे, वीजकामाच्या कागदावर पाइप गोठवायचे. 'व्हीपी फ्रीझ' नावाचा तो स्तंभ लेयरच्या यादीत असतो. पण नेहमीच्या 'फ्रीझ'वर हात गेला तर लेयर सगळ्याच कागदांवरून जातो. हा फरक शिकवताना मी थांबतो, कारण अर्ध्या तक्रारी इथल्या असतात.

'ऑटोकॅड २००८'पासून चौकटीपुरता लेयरचा रंग आणि जाडीही बदलता येते. आपल्याकडे याचा थेट उपयोग आहे. परवानगीच्या नकाशात प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचं काम पिवळ्या तिरप्या रेघांनी, सांडपाण्याची वाट लाल तुटक रेघेने दाखवण्याची पद्धत बिल्डिंग कोडने घालून दिली आहे. गवंड्याला त्या लाल रंगाशी काही देणंघेणं नाही, त्याला काळ्या ठसठशीत भिंती आणि स्पष्ट माप हवं. एकच भिंत परवानगीच्या कागदावर लाल आणि साइटच्या कागदावर काळी दिसू शकते. त्यासाठी दोन भिंती काढण्याचं कारण उरलेलं नाही.

अक्षरांचा प्रश्न मात्र थोडा हट्टी आहे. छापल्यावर अक्षर अडीच मिलिमीटर उंच हवं. १:१००च्या चौकटीतून तेवढं दिसायला मॉडेलमध्ये ते २५० मिलिमीटर उंच लागतं, १:५०साठी १२५. म्हणजे एकच 'स्वयंपाकघर' हा शब्द दोन प्रमाणांत दोन आकारांचा हवा. यासाठी २००८च्याच आवृत्तीत 'ॲनोटेटिव्ह' अक्षरं आणि मापं आली. ती चौकटीचं प्रमाण बघून आपला आकार बदलतात. शिकायला वेळ लागतो, पण जमलं की सुटका होते. टिपा, नामपट्टी, उत्तर दिशेचा बाण आणि कागदाचं शीर्षक यांचा घराशी संबंध नाही, कागदाशी आहे. ते थेट लेआउटवर लिहावं. सिल्वासा-खानवेलच्या साइटवर मराठी, गुजराती, हिंदी, वारली, कोकणी अशा सगळ्या बोली कानावर पडतात, म्हणून महत्त्वाच्या दोन-चार सूचना देवनागरीत घालाव्यात आणि त्यासाठी युनिकोड फॉन्ट वापरावा. जुन्या पद्धतीचा फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसला की सूचनेच्या जागी अगम्य अक्षरांची रांग उमटते.

आणखी एक धोका अलीकडचा आहे. ए१च्या मापाने मांडलेला कागद पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर जातो आणि मिळेल त्या दुकानात ए३वर छापला जातो. ए१ आणि ए३ यांच्या बाजूंचं गुणोत्तर सारखंच, एकास वर्गमूळ दोन, आणि ए३ची प्रत्येक बाजू ए१च्या बरोबर निम्मी. त्यामुळे चित्र देखणं दिसतं, काहीही कापलं जात नाही, फक्त १:१०० लिहिलेला नकाशा प्रत्यक्षात १:२०० झालेला असतो. दुकानदाराने 'फिट टू पेज' ठेवलं असेल तर तोही हिशोब राहत नाही. म्हणून प्रत्येक लेआउटवर आकड्यातल्या प्रमाणाबरोबर मोजपट्टी काढावी, शून्यापासून पाच मीटरपर्यंत खुणा केलेली. कागद लहान झाला की तीही तेवढीच लहान होते आणि खरं सांगत राहते. सगळी महत्त्वाची मापं आकड्यांत लिहावीत आणि कागदावरून पट्टीने माप घेऊ नये, अशी सूचना नामपट्टीजवळच घालावी.

आता व्यवस्थेकडे. लेआउटची नावं 'लेआउट१', 'लेआउट२' अशी राहू देणं हा आळस पुढे महाग पडतो. टॅबवर दोनदा क्लिक करून नाव बदलता येतं. वास्तुरचनेसाठी ए, स्ट्रक्चरसाठी एस, प्लंबिंगसाठी पी, वीजकामासाठी ई अशी आद्याक्षरं आणि पुढे दोन अंकी क्रमांक: ए-०१ जागा आणि प्लॉट, ए-०२ तळमजला, ए-०३ पहिला मजला, पी-०१ तळमजला प्लंबिंग. एक अंकी क्रमांक ठेवू नयेत, कारण कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये पुष्कळदा ए-१०चा नंबर ए-२च्या आधी लागतो. मधे एखादा क्रमांक रिकामा सोडला तरी चालतं. छेदाचा एक कागद वाढेल हे उताराच्या जागेत जवळजवळ ठरलेलं असतं.

पहिला लेआउट मन लावून तयार करावा: कागदाच्या कडेची रेघ, डावीकडे फाइलिंगसाठी वीस मिलिमीटरचा समास, नामपट्टी, मोजपट्टी, कुलूपबंद व्ह्यूपोर्ट. मग त्या टॅबवर उजवं क्लिक करून 'मूव्ह ऑर कॉपी' केलं की पुढचे सगळे त्याच घडणीचे होतात. इथे कॉपी चालते, कारण कॉपी कागदाची होते, घराची नव्हे. कागदाचा आकार, प्रिंटर आणि रेघांच्या जाडीची प्लॉट स्टाइल 'पेज सेटअप'मध्ये नाव देऊन जपून ठेवावी आणि सगळ्या लेआउटना एकदम लावावी. तसं नसेल तर बारा कागदांपैकी चार पीडीएफ रंगीत येतात, एक आडवा येतो आणि एकावर रेघा केसासारख्या बारीक. नामपट्टी ब्लॉक म्हणून ठेवली, आणि कामाचं नाव, मालक, तारीख यांच्या जागा त्यात भरण्यासारख्या ठेवल्या, की पुढच्या कामाला तोच टेम्प्लेट घेता येतो. शेवटी 'पब्लिश'ने सगळ्या लेआउटची एकच पीडीएफ क्रमाने काढावी.

एकाच फाइलमध्ये सगळं ठेवावं की वेगवेगळ्या फाइली कराव्यात, यावर मतं आहेत. माझं मत कामाच्या आकारावर ठरतं. खानवेलच्या त्या घरासाठी एक फाइल आणि दहा-बारा लेआउट हेच उत्तम. पण रखोली किंवा नरोलीतल्या कारखान्याचं काम असेल, तर तिथे शेडचा सांगाडा एकाकडे, मशिनांची मांडणी दुसऱ्याकडे, विजेचे केबल ट्रे तिसऱ्याकडे आणि अग्निशमनाची पाइपलाइन चौथ्याकडे असते. एक फाइल एका वेळी एकालाच बदलता येते, बाकीच्यांना ती फक्त वाचायला उघडते. शिवाय फाइल बिघडली तर सगळंच बुडतं. तिथे शेडची मूळ फाइल वेगळी ठेवून बाकीच्यांनी ती 'एक्स-रेफ' म्हणून जोडून घ्यावी. जोडलेली फाइल बदलली की जोडणाऱ्यांच्या कागदांवर बदल आपोआप येतो. एका वेगळ्या अर्थाने हे तेच तत्त्व आहे: शेडच्या रेघा काढणारा एकच, बघणारे अनेक. विखुरलेल्या फाइलींतले लेआउट एका यादीत आणण्यासाठी २००४ साली आलेल्या 'ऑटोकॅड २००५'पासून 'शीट सेट मॅनेजर' आहे. त्यात कागदाचा क्रमांक आणि शीर्षक एकदा लिहिलं की नामपट्टीत, अनुक्रमणिकेत आणि छेदाच्या खुणेत तेच येतं. ए-०७चा ए-०८ झाला तर प्लॅनवरची छेदाची खूणही 'ए-०८ पाहा' म्हणू लागते. हाताने हे सांभाळताना कुठेतरी एक खूण हमखास जुनी राहते.

शेजारच्या महाराष्ट्रात परवानगीची जी ऑनलाइन पद्धत आली, तिच्यामुळे या शिस्तीला आणखी एक कारण मिळालं आहे. पुण्याच्या सॉफ्टटेक इंजिनिअर्स कंपनीचं 'ऑटोडीसीआर' अनेक महापालिकांनी स्वीकारलं. ते कागदाकडे बघत नाही, फाइलमधल्या रेघाच वाचतं. ठरलेल्या नावाच्या लेयरवर बंद रेघेने आखलेलं क्षेत्र ते मोजतं आणि नियमाशी ताडून बघतं. लेआउट कितीही देखणा असला आणि मॉडेलमध्ये भिंतीच्या रेघा कोपऱ्यात जुळत नसल्या, तर तिथे निभाव लागत नाही. कागद आणि मॉडेल या दोन जागा वेगळ्या आहेत हे ज्याने ओळखलं, त्याचं मॉडेल आपोआप स्वच्छ राहतं.

ऑटोकॅड विकत घेणं प्रत्येकाला परवडत नाही. ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड, जीस्टारकॅड, ड्राफ्टसाइट यांतही लेआउट आणि चौकटी जवळपास अशाच आहेत. पूर्ण मोफत हवं तर फ्रीकॅड आहे, त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४मध्ये आली. त्यात घनाकृती एकदा तयार करायची आणि 'टेकड्रॉ'च्या पानांवर तिची हवी ती दर्शनं मांडायची. यंत्रभाग काढणाऱ्यांसाठी ते चांगलं आहे. रेव्हिटमध्ये तर इमारत त्रिमितीतच उभी राहते आणि प्लॅन व छेद तिच्यातून निघतात. तिथे एक दर्शन एकाच कागदावर ठेवता येतं, दुसऱ्या कागदासाठी दर्शनाची प्रत करावी लागते. ऑटोकॅडची सवय असलेला माणूस इथे काही दिवस चडफडतो.

आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल हा दोन वर्षांचा ट्रेड करणाऱ्या मुलांना मी एवढंच सुचवेन की पहिला सराव म्हणून स्वतःचं घर मोजावं. डोंगराकडच्या पाड्यावरचं कुडाचं घर असेल तर आणखी चांगलं. कारवीच्या भिंती, मधले खांब, कौलांचा उतार, गुरं बांधायची जागा, सगळं खऱ्या मापाने मॉडेलमध्ये काढावं. मग तीन लेआउट करावेत: मापांसह प्लॅन १:५०, छेद १:५०, आणि खांब-वाशाचा सांधा १:१०. मग छपराचा उतार मॉडेलमध्ये बदलून बघावा. छेदाच्या कागदावर तो त्याच क्षणी बदललेला दिसला की पेपर स्पेस वेगळी समजवावी लागत नाही.

राहिला प्रश्न बदलांचा. लेआउट आपोआप ताजे राहतात, छापलेले कागद राहत नाहीत. म्हणून प्रत्येक लेआउटच्या नामपट्टीवर बदलांचा छोटा तक्ता हवा: आर०, आर१, आर२, तारीख, आणि काय बदललं ते एका ओळीत. बदललेल्या भागाभोवती ढगाच्या आकाराची रेघ काढतात, ती लेआउटवर काढावी, मॉडेलमध्ये नको, नाहीतर ती सगळ्याच कागदांवर उमटते. ज्या कागदावर बदल झाला त्याचाच क्रमांक वाढवावा. बांधकामासाठी पक्का झालेला कागद 'जीएफसी' शिक्का मारून पाठवतात, त्याची पीडीएफ तारखेसह वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि तिला पुन्हा हात लावू नये. कुणाला कुठला कागद कधी दिला याची वही ठेवावी. फाइल दुसऱ्याला द्यायची असेल तर 'ई-ट्रान्समिट'ने जोडलेल्या फाइली, फॉन्ट आणि प्लॉट स्टाइल एकत्र बांधून द्याव्यात. आणि आर१ साइटवर पोचला की आर० मागून घेऊन त्यावर आडवी रेघ मारावी, कारण पावसापासून वाचवायला प्लास्टिकमध्ये घालून खांबाला बांधलेला जुना कागद गवंड्याच्या दृष्टीने अजून चालूच असतो.